लक्झरचा बलून, २६ फेब्रुवारी २०१३ : टोपलीतल्या प्रवाशाच्या हातात काय असतं?

२६ फेब्रुवारी २०१३. सकाळी सातचा सुमार. इजिप्तमधल्या लक्झर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, उसाच्या शेतात एक हॉट एअर बलून उतरत होता. पायलट धरून टोपलीत २१ माणसं होती. सूर्योदय बघून झाला होता, देवळांचे फोटो काढून झाले होते. जमीन काही मीटरवर आली होती आणि खालच्या माणसांसाठी दोर सोडलेला होता. त्याच वेळी टोपलीत आग लागली. पायलट आणि एक ब्रिटिश प्रवासी बाहेर पडले. वजन कमी झालेला आणि आगीने आणखी तापलेला बलून पुन्हा वर निघाला. सुमारे ३०० मीटरवर गेल्यावर स्फोटाचा आवाज झाला, कापड जळून आकसलं आणि टोपली शेतात कोसळली. काही जणांनी त्याआधीच वरून उड्या टाकल्या होत्या. १९ जण गेले. त्यांत हाँगकाँगचे ९ आणि जपानचे ४ होते, बाकीचे बहुतेक युरोपातले. वाचले ते दोघंच, जे जमिनीजवळ असताना बाहेर पडले होते.

बलून उड्डाणांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अपघात. याआधी १९८९ साली ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला दोन बलून एकमेकांवर आदळून १३ जण गेले होते.

इजिप्तला जाणाऱ्या आपल्याकडच्या सहलींत कैरो, नाईलवरची क्रूझ आणि लक्झर हा ठरलेला मार्ग असतो. बलून त्यात बहुधा 'ऑप्शनल' असतो : आदल्या संध्याकाळी गाइड हात वर करायला सांगतो, पैसे रोख गोळा होतात आणि पहाटे उठायची वेळ कळते. निर्णयाला मिळतात ती पाच मिनिटं, तीही जेवणाच्या टेबलावर. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघायचं आहे. बलूनची नळी, सिलिंडर, पायलटचा परवाना यातलं काही प्रवासी तपासू शकत नाही. पण सगळंच त्याच्या हाताबाहेर असतं असंही नाही, आणि जे हातात असतं त्यातलं बरंचसं उड्डाणाच्या शेवटच्या दहा मिनिटांत लागतं.

आग कशी लागते

पहिल्या दिवसाच्या काही बातम्यांत 'हेलियमच्या नळीत दोर अडकला' असं आलं होतं. या बलूनमध्ये हेलियम नसतोच. टोपलीत द्रवरूप प्रोपेनचे किंवा घरच्या एलपीजीसारख्या गॅसचे सिलिंडर उभे बांधलेले असतात. त्यांच्यापासून जाड रबरी नळ्या डोक्यावरच्या बर्नरपर्यंत जातात. आपल्या शेगडीत नळीतून वायू येतो, इथे मुख्य बर्नरकडे द्रव जातो. तो बर्नरच्या तापलेल्या वेटोळ्यात वायू होतो आणि काही मीटर उंच ज्वाळा उठते. शेजारी एक छोटी पायलट ज्योत सतत जळत असते, म्हणजे ठिणगी शोधावी लागत नाही.

लक्झरच्या अपघातात गळती याच इंधनव्यवस्थेत होती. द्रव प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं आणि वायू झालं की सुमारे २७० पट फुगतं. नळीच्या जोडातून वाटीभर द्रव बाहेर आलं तरी क्षणात चाळीस-पन्नास लिटर गॅस होतो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे उडून जात नाही, टोपलीच्या तळाशी पायांभोवती साचतो. घरची सुरक्षा नळी आपण पाच वर्षांनी बदलतो. ती मुकाट ओट्याखाली पडून असते. बलूनची नळी रोज पहाटे वाळूत घासते, उन्हात तापते, ट्रकमध्ये फेकली जाते, टोपली आडवी पडली की तिच्यासोबत आपटते.

आग उतरतानाच का लागली, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. हवेत असताना टोपलीत फारशी हालचाल नसते. जमीन जवळ आली की दोर टाकले जातात, टोपली घासते, आपटते, कलते, आणि नळ्यांना व जोडांना झटका बसतो तो याच वेळी. म्हणून जोराचं उतरणं दिसू लागलं की चांगला पायलट टेकण्याआधीच सिलिंडरचे कॉक बंद करतो, नळीत उरलेलं इंधन जाळून टाकतो आणि पायलट ज्योतही विझवतो. उंचीला घाबरणारा प्रवासी टोपली खाली येऊ लागली की निश्चिंत होतो, मोबाइल पुन्हा बाहेर काढतो. खरा सावध राहायचा वेळ मात्र तेव्हाच सुरू होतो.

दोन माणसं उतरली की काय होतं

बलून वर का गेला, ते अंदाजी आकड्यांनी समजून घेता येतं. अपघातातल्या बलूनच्या मॉडेलमध्ये सुमारे १२,००० घनमीटर हवा मावते. ती आणि बाहेरची थंड हवा यांच्या वजनातल्या फरकावर सगळा भार तोललेला असतो. माणसं, टोपली, सिलिंडर, कापड मिळून साधारण पावणेतीन टन धरा. उतरताना हा तोल जवळजवळ बरोबरीचा असतो, म्हणून बलून तरंगत हळू खाली येतो. अशा वेळी ७५ किलोची दोन माणसं बाहेर पडली तर दीडशे किलोची वर ओढ अचानक शिल्लक राहते.

दुसरी बाजू उष्णतेची. एवढ्या बलूनमधली हवा एका अंशाने तापली तर उचल ३० ते ३५ किलोंनी वाढते. म्हणजे दोन माणसं उतरणं आणि आतली हवा चार-पाच अंशांनी तापणं, दोन्हीचा परिणाम सारखाच. लक्झरला दोन्ही एकदम झालं, आणि टोपलीतली आग म्हणजे बंद न होणारा आणखी एक बर्नरच होता.

हा सगळा डोलारा, आतल्या हवेसकट, जड असतो. त्यामुळे तो झटक्यात उडत नाही. नुसती दीडशे किलोची ओढ धरली तर पहिल्या पाच सेकंदांत मीटरभर, दहा सेकंदांत तीन ते पाच मीटर. आगीची उष्णता मिळाली की त्याहून लवकर. सुटकेची खिडकी आहे ती एवढीच. खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसांची ताकद इथे मोजायचीच नाही. शंभर-दोनशे किलो ते क्षणभर रोखतील, त्यापुढे त्यांनी दोर सोडला नाही तर तेही वर जातील.

'टोपलीतून उतरू नका' हा नियम आणि त्याचा अपवाद

प्रत्येक बलून कंपनी प्रवाशांना एक गोष्ट हमखास सांगते : टोपली टेकली तरी सांगेपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही. कारण वर आलंच. एक उत्साही माणूस फोटोसाठी उडी मारून उतरला की उरलेले पंधरा-वीस जण पुन्हा हवेत. आडव्या पडलेल्या, वाऱ्याने फरफटणाऱ्या टोपलीतून कोणी अर्धवट बाहेर आला तर टोपली त्याच्याच अंगावरून जाते. नेहमीच्या प्रत्येक उतरण्यासाठी हा नियम शंभर टक्के खरा आहे.

पण लक्झरला वाचले ते बाहेर पडलेले दोघं. २१ जून २०२५ रोजी ब्राझीलमध्ये प्राया ग्रांजी इथे जवळपास तेच घडलं. टोपलीत आग लागली, २१ जण होते, जमीन जवळ आल्यावर पायलटने उड्या मारायला सांगितलं. १३ जण बाहेर पडून वाचले. हलका झालेला बलून वर गेला आणि आत राहिलेले ८ जण गेले. दोन खंड, मध्ये बारा वर्षं, आणि क्रम जवळपास तोच.

तेव्हा नियम थोडा वेगळा मांडायला हवा. आग नसेल तर पायलट सांगेपर्यंत हलायचं नाही, मग टोपली आडवी होवो की फरफटो. आग असेल, तळ जमिनीपासून माणसाच्या उंचीइतका किंवा त्याहून खाली असेल आणि 'बाहेर' असा हुकूम आला, तर सगळ्यांनी एकाच वेळी, आपापल्या जवळच्या बाहेरच्या कडेवरून निघायचं. एकेकाने रांगेत नाही. आधी बायका-मुलं असा शिष्टाचार इथे उलटा पडतो, कारण पहिले चार बाहेर पडताच टोपली उचलू लागते आणि पाचव्यासाठी उंची वाढलेली असते. मोठ्यांनी लहानांना बाहेर ढकलत स्वतःही त्याच क्षणी निघायला हवं. टोपली एका मजल्याच्या वर गेली असेल तर उडीत हाडं मोडणार हे धरून चालायचं. त्याहून वर गेल्यावर उडी मारावी की नाही याला शहाणपणाचं उत्तर नाही, आणि इथे बसून ते देणं योग्यही नाही.

पायलट आधी बाहेर पडला यावर तेव्हा बरीच टीका झाली. तो गंभीर भाजलेला होता. त्याच्या वागण्याचा न्याय करण्यापेक्षा प्रवाशाला एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी : पायलटच्या कप्प्यात सिलिंडर असतात, त्यामुळे आग लागली तर सर्वांत आधी भाजणारा तोच. हुकूम देणारा माणूसच पहिल्या तीन सेकंदांत निकामी होऊ शकतो.

टोपलीत कुठे आणि कसं उभं राहायचं

व्यापारी उड्डाणांची टोपली वेताची, आयताकृती आणि साधारण छातीपर्यंत उंच असते. मोठ्या टोपलीत मधला कप्पा पायलटचा आणि सिलिंडरचा, दोन्ही बाजूंना प्रवाशांचे दोन-दोन कप्पे. चढायला दार नसतं. बाहेरून वेतात पाय रोवायला भोकं ठेवलेली असतात, त्यांत पाय घालून कडेवरून आत जायचं. साठीच्या माणसाला यात सात-आठ सेकंद सहज जातात, आणि वर जो हिशेब मांडला त्यात एवढाच वेळ होता. म्हणून आत गेल्या गेल्या आपल्या कप्प्यातली आतली भोकं कुठे आहेत ते पायाने चाचपून घ्या. कोणाला कोण उचलणार हे घरच्यांनी तिथेच ठरवून टाका. ऐकायला विचित्र वाटतं, लागतं अर्धं मिनिट.

जागा निवडता येत असेल तर बाहेरच्या भिंतीला लागून असलेली घ्या, पायलटच्या कप्प्याला चिकटलेली नको. फोटोंसाठीही तीच बरी.

उतरताना पाठ प्रवासाच्या दिशेला करून भिंतीला टेकवायची, पाय जुळवून गुडघे किंचित वाकवायचे, दोन्ही हातांनी टोपलीच्या आतल्या बाजूचे दोराचे कान धरायचे, डोकं मागे टेकवायचं. आधाराला बर्नरची चौकट, नळी किंवा सिलिंडर कधीच धरायचा नाही. कोपर कडेबाहेर नको. कॅमेरा पिशवीत, पिशवी पायाशी नव्हे तर पोटाशी. ही मुद्रा उड्डाणाआधी जमिनीवर सगळ्यांकडून करून घेतली नाही तर ते वाईट लक्षण समजा. उतरताना पायलट ओरडून सांगतो तेव्हा बर्नरच्या आवाजात निम्म्यांना ऐकू जात नाही, उरलेल्यांना त्याचं इंग्रजी कळत नाही.

लक्झरच्या पश्चिम तीरावर उतरणं बहुधा शेतात होतं. ऊस, गहू, बरसीम. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला तो देखावा घरचा वाटेल. ऊस वाहायचे छोटे रूळही शेतांतून गेलेले दिसतात. पण उभ्या उसात पाण्याचे पाट, तुटक्या धसकटांचे भाले आणि कडेच्या विजेच्या तारा वरून नीट दिसत नाहीत. तारा हा बलूनचा सगळ्यात जुना शत्रू. न्यूझीलंडमध्ये कार्टरटनला २०१२ साली ११ जण आणि अमेरिकेत टेक्सासमधल्या लॉकहार्टजवळ २०१६ साली १६ जण तारांमुळेच गेले. उतरताना तार दिसली तर 'पायलटला दिसलीच असेल' असं धरू नका, बोट दाखवून मोठ्याने सांगा.

आदली संध्याकाळ

आता थोडं मागे जाऊ, कारण सुरक्षित उड्डाण निवडण्याची संधी टोपलीत नसते, बुकिंगमध्ये असते. लक्झरमध्ये हॉटेल, गाइड, क्रूझचा मॅनेजर आणि रस्त्यावरचा दलाल सगळेच बलून विकतात. उडवणाऱ्या कंपन्या मात्र मोजक्या. पैसे एकाला दिले आणि सकाळी दुसऱ्याच्याच टोपलीत बसवलं, हे इथे नेहमीचं. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही : उडवणारी कंपनी कोणती? नाव पावतीवर लिहून घ्या. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपवा.

दुसरा प्रश्न, टोपलीत किती जण? १२ ते १६ जणांची टोपली मिळत असेल तर जास्त पैसे मोजण्यात शहाणपण आहे. २८-३२ जणांच्या टोपलीत गर्दी, वजन आणि बाहेर पडायला लागणारा वेळ, सगळंच वाढतं. तिसरा प्रश्न, वारा असला आणि उड्डाण रद्द झालं तर पैसे पूर्ण परत की दुसऱ्या दिवशी? हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो, पण सुरक्षिततेशी त्याचा थेट संबंध आहे. पैसे परत न देता दुसऱ्या दिवशी नेता येत असेल तर कंपनीला सीमारेषेवरच्या वाऱ्यात उडवायचा मोह कमी होतो. आणि सहलीत लक्झरची शेवटची सकाळ बलूनसाठी ठेवू नका. 'आज नाही तर कधीच नाही' असे वीस प्रवासी पायलटवर जेवढा दबाव आणतात तेवढा मालकही आणत नाही.

इजिप्तमध्ये उड्डाणांवर देखरेख तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाची असते, रोज पहाटे वारा बघून परवानगी दिली जाते. २००९ साली एक बलून मोबाइल टॉवरला धडकून १६ पर्यटक जखमी झाले, त्यानंतर उड्डाणं काही महिने बंद ठेवून नियम कडक केले गेले. २०१३ नंतरही बंदी आली, ती एप्रिलमध्ये उठली. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा एक बलून जोराच्या वाऱ्यात कोसळून दक्षिण आफ्रिकेचा एक पर्यटक गेला. प्रत्येक अपघातानंतर काही महिने सगळं चोख असतं. आपण जाऊ तेव्हा कुठला महिना चालू असेल ते आपल्याला ठरवता येत नाही.

पहाट

हॉटेलवरून गाडी साडेतीन-चारला येते, मग मोटरबोटीतून नाईल ओलांडायची, बोटीत चहा आणि केक. उड्डाण पहाटेच, कारण तेव्हा जमीन थंड असते आणि हवा स्थिर. ऊन तापलं की हवेचे भोवरे उठतात. जमिनीवर वारा ताशी १५ किलोमीटरच्या आसपास गेला की प्रवासी बलून साधारणपणे उडवत नाहीत. मोजायला यंत्र नको : ध्वज सतत ताठ फडकत असेल, फुगवताना कापड जमिनीवर आपटत असेल आणि दहा जणांना ते आवरत नसेल, तर वारा जास्त आहे.

कपडे सुती, अंगभर, पाय झाकणारे बूट. जानेवारीत पहाटे चांगली थंडी असते म्हणून लोक नायलॉनचं जॅकेट चढवतात. बर्नरच्या धगीत आणि आगीत नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, तेव्हा लोकर किंवा सुती जाड शर्ट बरा. साडी, ओढणी, लांब स्कार्फ नको. पाय भोकात अडकतो आणि चढता-उतरताना साडी आड येते. सलवार-कुर्ता चालेल, ओढणी हॉटेलवर. उंच माणसांनी सुती टोपी घालावी, डोकं बर्नरच्या जवळ येतं. गुडघा किंवा खुबा बदललेले, हाडं ठिसूळ झालेले, नुकतं ऑपरेशन झालेले आणि गरोदर बायका यांनी जाऊच नये. साधं उतरणंही दोन पायऱ्यांवरून उडी मारल्यासारखं बसतं. कडेवरून बाहेर दिसत नाही इतक्या लहान मुलांनाही नको. त्यांना काही दिसत नाही, आणि पकडायला कानही हाताला येत नाहीत.

टोपलीत चढण्याआधी नाक आणि कान उघडे ठेवा. फुगवताना थोडा गॅसचा वास येतोच, पण बर्नर बंद असताना वास टिकून राहिला, नळीच्या जोडावर पांढरं हिम धरलेलं दिसलं किंवा सूं असा बारीक आवाज येत राहिला तर ती गळती. तसं हवेत लक्षात आलं तर पायलटला हात लावून दाखवा, एकच शब्द पुरतो : गॅस. टोपलीत अग्निशामक आणि आगीवर टाकायची चादर दिसायला हवी. विचारलं तर पायलट वैतागत नाही, उलट हसून दाखवतो. वैतागला तर उतरा. पैसे गेले तरी चालतील.

हवेत बक्षिशीचा विषय काढू नका. 'अजून खाली घे, देवळाजवळून' असा हट्ट वीस जणांनी केला की पायलट कधी कधी ऐकतो, आणि मेमनॉनच्या (पश्चिम तीरावरच्या दोन प्रचंड प्राचीन) पुतळ्यांजवळचा एक फोटो मिळतो. खाली टॉवर आणि ताराही तेवढ्याच जवळ येतात.

विमा, कागद आणि अपघातानंतरचा पहिला तास

प्रवास विमा काढला म्हणजे बलून त्यात आला असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. शिवाय हवाई अपघाताच्या कलमात 'नियमित वेळापत्रकाच्या विमानातला तिकीटधारी प्रवासी' एवढाच समावेश असतो. बलून वेळापत्रकाचं विमान नाही. निघण्याआधी कंपनीला ईमेल करून 'हॉट एअर बलून, व्यापारी चालकाकडून, प्रवासी म्हणून' हे शब्द वापरून लेखी उत्तर मागा. फोनवरचं 'हो सर, कव्हर होतं' दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. जखमीला दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्चही त्यात आहे ना ते बघा. भाजलेल्या रुग्णाला लक्झरहून कैरोला न्यायचं तर मध्ये सुमारे ६५० किलोमीटर आहेत.

पहाटे निघताना पासपोर्ट तिजोरीत राहतो आणि ते ठीकच. पण त्याची छायाप्रत, विम्याचा क्रमांक आणि रक्तगट असलेला कागद खिशात हवा, पर्समध्ये नाही. गटातला बलूनला न गेलेला एक जण यादी घेऊन हॉटेलवर जागा असावा : कोण गेलं, कोणत्या कंपनीच्या गाडीतून, किती वाजता.

इजिप्तमध्ये रुग्णवाहिका १२३, पोलीस १२२, पर्यटन पोलीस १२६, अग्निशमन १८०. शेतात नेमकी जागा इंग्रजीत सांगता येणार नाही, म्हणून फोन सरळ जवळच्या शेतकऱ्याच्या किंवा गाडीवाल्याच्या हातात द्या.

कपड्याने पेट घेतला असेल तर माणसाला आडवं पाडून लोळवा, चादर टाका. भाजलेल्या जागी साधं थंड पाणी वीस मिनिटं सोडत राहा. बर्फ, तूप, टूथपेस्ट काही नाही. शेतातल्या पाटाचं पाणी शक्यतो नको, नाईलच्या कालव्यांत रक्तात शिरणाऱ्या परजीवीचा धोका असतो. गटातल्या प्रत्येकाची अर्धा लिटरची बाटली इथे कामी येते. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ सूज येण्याआधी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, वर स्वच्छ सुती कापड सैल ठेवा. धूर किंवा ज्वाळा नाकातोंडात गेली असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकातले केस जळालेले दिसत असतील, तर कातडी बरी दिसत असली तरी तो माणूस पहिल्या रुग्णवाहिकेत गेला पाहिजे. श्वासनलिका आतून सुजायला वेळ लागतो, आणि तोवर रुग्ण चालत-बोलत असतो.